वहीच्या शेवटच्या पानावरचा प्रश्न

पत्र : माझी मुलगी नववीत शिकते. चांद्रयान-3 चंद्रावर उतरले तेव्हा ती सातवीत होती. त्या दिवसापासून तिने वर्तमानपत्रांतील कात्रणांची एक वही केली आहे आणि आपण अंतराळ संशोधक होणार, असे ती सगळ्यांना सांगते. माझा धाकटा भाऊ चाकणला एका कारखान्यात लेथवर काम करतो. मुलीचा त्याच्यावर फार जीव आहे. भाऊबिजेला तो नाशिकला आला तेव्हा त्याने तिला मोबाइलवर काही व्हिडिओ दाखवले. माणूस चंद्रावर कधी गेलाच नाही, आपल्या यानाचे उतरणेसुद्धा टीव्हीवर नुसते कार्टून होते, आणि खरे असले तरी त्याने गरिबाच्या पोटात काय पडले, असे तो म्हणाला. मुलीला उत्तर देता आले नाही आणि मलाही आले नाही. तेव्हापासून वही कपाटात पडून आहे. परवा मी ती उघडली, तर शेवटच्या पानावर तिने लिहिले आहे, "हे सगळे खरे आहे, हे मला कशावरून कळणार?" मामाशी या विषयावर बोलू नकोस, असे तिला सांगू का? तिचा उत्साह परत कसा आणू? – एक आई, नाशिक

प्रिय ताई,

ज्या वाक्याने तुम्ही घाबरलात, ते वाचून मला तुमच्या मुलीबद्दल आदर वाटला. पंचवीसहून अधिक वर्षे मी शाळेत विज्ञान शिकवले. पाठ्यपुस्तकात छापले आहे म्हणून मान्य करणारी मुले मला शेकड्यांनी भेटली, पण 'कशावरून' असे विचारणारी फार थोडी. तुमच्या मुलीने 'हे खोटे आहे' असे लिहिलेले नाही. जे मला आवडते ते खरे आहे हे तपासायचे कसे, असे तिने विचारले आहे आणि चौदा वर्षांच्या मुलीने हे विचारावे ही आनंदाची गोष्ट आहे. म्हणून तिला मामांशी बोलण्यापासून अडवू नका, अशी माझी पहिली विनंती आहे. अडवलेत तर घरातल्यांकडे उत्तर नाही म्हणूनच हा विषय बंद केला, असा अर्थ ती काढेल, आणि जिवापाड प्रेम असलेला मामाही एका वादापायी तिला दुरावेल.

आता मामांच्या म्हणण्याकडे वळते. त्यांनी तीन वेगवेगळ्या शंका एका दमात बोलून दाखवल्या आहेत. त्या सुट्या केल्याशिवाय एकीचेही उत्तर नीट देता येणार नाही.

'कार्टून'ची शंका आधी घेते, कारण तिच्यात मामांची नजर चुकलेली नाही. 23 ऑगस्ट 2023 रोजी सायंकाळी 6 वाजून 4 मिनिटांनी विक्रम लँडर चंद्रावर टेकला, तेव्हा आपण सर्वांनी पडद्यावर जे उतरणारे यान पाहिले ते संगणकाने रेखाटलेले चित्रच होते. यानाकडून येणाऱ्या उंचीच्या आणि वेगाच्या आकड्यांबरोबर ते चित्र पुढे सरकत होते. शेजारी उभे राहून लँडरचे चित्रण करायला चंद्रावर कोणी नव्हते. यानाच्या पोटाशी असलेल्या कॅमेऱ्याने उतरताना टिपलेले खरे दृश्य इस्रोने दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध केले आणि त्यात चंद्राची विवरे खालून जवळ येताना दिसतात. मात्र आदल्या संध्याकाळी कोट्यवधी लोकांनी जे पाहिले ते रेखाचित्र आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना कोणी स्पष्ट करून सांगितले होते? ज्याला ते कोणी सांगितले नाही आणि ज्याच्या नजरेने ते नेमके हेरले, त्याच्या मनात शंका आली तर तो मूर्ख ठरत नाही. तुमच्या मुलीने मामांना सर्वप्रथम हेच सांगावे, की तुम्ही जे पाहिलेत ते बरोबर होते, आणि मग त्यांच्या शेजारी बसून दुसऱ्या दिवशीचे चित्रण दाखवावे.

याच संदर्भात तिची वही एकदा दोघी मिळून चाळा. प्रज्ञान या सहाचाकी गाडीच्या चाकांवर अशोकस्तंभावरील सिंहांची मुद्रा आणि इस्रोचे चिन्ह कोरलेले होते, हे खरे आहे. पण चंद्राच्या धुळीत त्यांचा ठसा अगदी रेखीव उमटल्याचे जे छायाचित्र त्या दिवसांत गावोगावी फिरले, ते एका कलाकाराने केलेले चित्र होते. प्रत्यक्षात ठसा तसा स्पष्ट उमटला नाही. दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत म्हणून दरवर्षी फिरणारे चित्रही असेच, दिवाळीशी संबंध नसलेले आहे. मला या गोष्टीचे मनापासून वाईट वाटते. अभिमानाच्या भरात खोटे चित्र पुढे पाठवणारे आपण लोकच खऱ्या चित्रावरचा विश्वास कमी करत असतो. तिच्या वहीत असे एखादे चित्र चिकटवलेले सापडले, तर ते फाडून टाकू नका. त्याच्याखाली तिच्याच अक्षरात 'हे खरे नव्हे' असे लिहू द्या.

माणूस चंद्रावर गेलाच नाही, ही दुसरी शंका तशी जुनी आहे. 1976 साली अमेरिकेत एका लेखकाने स्वखर्चाने छापलेल्या पुस्तकातून ती जोरात पसरली. तो काळ लक्षात घेतला पाहिजे. व्हिएतनामच्या युद्धाबद्दल आणि वॉटरगेट प्रकरणात आपले सरकार आपल्याशी खोटे बोलले, हे तिथल्या लोकांनी नुकतेच अनुभवले होते. एका बाबतीत फसवले गेलेल्या माणसाला दुसऱ्या बाबतीतही फसवणूक दिसते. तरीही 1999 साली गॅलप या संस्थेने पाहणी केली तेव्हा चंद्रावरचे उतरणे बनाव होता असे मानणारे अमेरिकेत 6 टक्केच निघाले. संख्या लहान असली, तरी हातातल्या मोबाइलवर एकदा असा व्हिडिओ पाहिला की तसलेच पुढचे दहा समोर येत राहतात आणि पाहणाऱ्याला वाटते, की सगळे जग हेच म्हणते आहे.

झेंडा, सावल्या आणि तारे यांच्याविषयी थोडक्यात सांगते, कारण व्हिडिओंमध्ये बहुतेक हेच असते. तिथे वारा नसल्यामुळे झेंडा लोंबू नये म्हणून त्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी घातलेली होती, आणि घडीच्या चुण्यांमुळे तो फडकल्यासारखा दिसतो. जमीन उंचसखल असली की सावल्या वेगवेगळ्या दिशांना गेल्यासारख्या भासतात. उन्हात लखलखणाऱ्या जमिनीचे छायाचित्र घेताना कॅमेऱ्यात अगदी थोडा वेळच प्रकाश घ्यावा लागतो, म्हणून मंद तारे त्यात उमटत नाहीत. हे शेवटचे तर मुलीला स्वतःच करून पाहता येईल. रात्री एखाद्या झगझगीत दिव्याखाली उभ्या असलेल्या माणसाचा मोबाइलवर फोटो काढावा आणि त्यात किती तारे येतात ते मोजावे.

मला अधिक मोलाचे वाटतात ते असे पुरावे, जे नासाच्या शब्दावर अवलंबून नाहीत. जुलै 1969 मध्ये माणसांना पहिल्यांदा चंद्रावर उतरवणारे अमेरिकेचे अपोलो 11 चंद्रावर होते, त्याच दिवसांत सोव्हिएत संघाचे लुना 15 हे मानवरहित यान तिथली माती आणण्यासाठी चंद्राभोवती फिरत होते आणि ते उतरताना कोसळले. इंग्लंडमधील जॉड्रेल बँक येथील रेडिओ दुर्बीण या दोन्ही यानांचे संदेश ऐकत होती. शीतयुद्धात अमेरिकेला जगासमोर उघडे पाडण्याची याहून मोठी संधी सोव्हिएत संघाला मिळाली नसती, आणि त्यांच्याकडे ऐकण्याची साधनेही होती. तरी त्यांनी अमेरिकेचा दावा नाकारला नाही. अपोलोच्या सहा मोहिमांतून बारा माणसे चंद्रावर चालली आणि त्यांनी एकूण 382 किलो दगडमाती आणली. त्यातील नमुने जगभरातल्या प्रयोगशाळांना अभ्यासासाठी मिळाले. आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास केला. अवकाशातून येणाऱ्या कणांनी त्या खनिजांत कोरलेल्या सूक्ष्म रेषा त्यांनी तपासल्या. असे कण अडवणारे जाड वातावरण पृथ्वीवर आहे आणि चंद्रावर नाही. मुंबईतील शास्त्रज्ञांना अमेरिकेचा बनाव झाकण्याचे कारण काय, हा प्रश्न तिने मामांना जरूर विचारावा.

चंद्रावर ठेवलेल्या आरशांची गोष्ट तिला फार आवडेल असे वाटते. अपोलो 11, 14 आणि 15 या मोहिमांतील अंतराळवीरांनी तिथे खास परावर्तक ठेवले. त्यांच्यावर पृथ्वीवरून लेझरचा किरण सोडायचा आणि परत यायला लागलेला वेळ मोजायचा, असे काम अजूनही चालते. चंद्र दरवर्षी आपल्यापासून सुमारे 3.8 सेंटीमीटर दूर सरकतो, हे त्यातूनच इतके अचूक कळले. तसाच एक परावर्तक आपल्या विक्रम लँडरवरही होता, नासाने दिलेला आणि जेमतेम 5 सेंटीमीटर रुंदीचा. 12 डिसेंबर 2023 रोजी, म्हणजे विक्रम आणि प्रज्ञान कायमचे झोपी गेल्यानंतर तीन महिन्यांनी, चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकेच्या यानाने सुमारे 100 किलोमीटरवरून त्यावर लेझर सोडला आणि तो परत आला. दुसऱ्या बाजूने आपल्या चांद्रयान-2च्या कक्षायानानेही अपोलो 11 जिथे उतरले त्या जागेचे छायाचित्र घेतले आहे, आणि तिथे मागे राहिलेला यानाचा खालचा भाग त्यात दिसतो. एका देशाने ठेवलेली वस्तू दुसऱ्या देशाने पाहिली, असे हे दोन्ही बाजूंनी घडले आहे. मात्र हे घरच्या किंवा शाळेच्या दुर्बिणीतून दिसेल असे तिला सांगू नका. चंद्र 3 लाख 84 हजार किलोमीटर दूर आहे आणि इतक्या लांबून काही मीटरची वस्तू पृथ्वीवरच्या कोणत्याही दुर्बिणीला वेगळी दाखवता येत नाही. आपली बाजू भक्कम करण्यासाठी एक जरी खोटी गोष्ट जोडली, तरी मामा नेमकी तीच पकडतील, आणि ते योग्यच होईल.

'मग पुन्हा कोणी का गेले नाही?' असे मामा विचारतीलच. डिसेंबर 1972 मध्ये अपोलो 17 परतले, तोवर सोव्हिएत संघाच्या आधी चंद्रावर पोहोचण्याचा राजकीय हेतू पुरा झाला होता. 1966 च्या सुमारास अमेरिकेच्या केंद्रीय खर्चापैकी 4 टक्क्यांहून अधिक रक्कम नासाला मिळत होती, ती पुढे अर्ध्या टक्क्याच्याही खाली आली. रस्ता माहीत असला, तरी गाडीला इंधन लागतेच.

नाशिककरांना जवळचा असा एक पुरावा मी मुद्दाम मागे ठेवला होता. नाशिक-पुणे महामार्गावर नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यात प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या असून त्यांपैकी काही रस्त्यावरून जाताना शेतांपलीकडे दिसतात. 19 ऑक्टोबर 2016 रोजी युरोपचे स्कियापारेली नावाचे यान मंगळावर उतरत होते. सुमारे 17 कोटी किलोमीटरवरून येणारा त्याचा अगदी क्षीण संदेश खोडदच्या तबकड्यांनी थेट पकडला. संदेशाला इथवर यायला जवळजवळ दहा मिनिटे लागत होती. यानाची हवाई छत्री (पॅराशूट) उघडल्याचे इथे कळले, आणि उतरण्याच्या थोडेच आधी संदेश थांबला. ते यान मंगळावर आदळून नष्ट झाले होते. उंची मोजताना संगणकाचा घोटाळा झाला, आपण जमिनीवर पोहोचलो असे त्याला वाटले आणि त्याने सुमारे पावणेचार किलोमीटर उंचीवरच छत्री सोडून दिली, असे पुढे चौकशीत निघाले. मंगळावरची ती पडझड जुन्नर तालुक्यातल्या एका गावातून कानावर पडली, ही गोष्ट मला स्वतःला आजही थरारून टाकते. दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे लोकांसाठी प्रदर्शन असते आणि दुर्बीण पाहता येते. तुम्ही नाशिकहून या, मामांना चाकणहून येऊ द्या. खोडद दोघांच्याही वाटेवर आहे. तिथले शास्त्रज्ञ प्रश्नांची उत्तरे मराठीतून देतात, आणि मामांनी त्यांना सगळ्यात अवघड प्रश्न विचारावेत.

अपयशाबद्दल दोन शब्द लिहिते. तुमची मुलगी तिसरीत असताना, 7 सप्टेंबर 2019 च्या पहाटे, चांद्रयान-2च्या लँडरचा (त्याचेही नाव विक्रमच होते) संपर्क तुटला आणि तो चंद्रावर आदळला. ज्याला बनावच करायचा आहे, तो पंतप्रधानांच्या समोर आणि देशभरातली मुले जागी असताना अपयशाचा बनाव कशाला करेल? त्या लँडरचे अवशेष पुढे शोधले ते चेन्नईच्या एका तरुण अभियंत्याने. नासाने सर्वांसाठी खुली ठेवलेली छायाचित्रे तो घरी बसून, आधीची आणि नंतरची शेजारी ठेवून, चिकाटीने ताडून पाहत राहिला, आणि डिसेंबर 2019 मध्ये नासाने त्याचे श्रेय जाहीरपणे मान्य केले. चुका कुठे झाल्या ते इस्रोने शोधले आणि पुढच्या यानाचे पाय अधिक मजबूत केले, इंधन वाढवले, उतरण्यासाठी लांबीरुंदीने 500 मीटरचा तुकडा ठरवला होता त्याऐवजी 4 किलोमीटर बाय 2.4 किलोमीटरची जागा ठरवली. मुलांना अंतराळाची ओढ लागते ती यशाच्या टाळ्यांमुळे, पण ती टिकते ती अशा दुरुस्त्यांमुळे, असे मी माझ्या वर्गात अनेकदा पाहिले आहे. 1984 साली राकेश शर्मा अंतराळात गेले तेव्हा भारावलेली माझी पिढी, त्यानंतर फार काळ टाळ्या वाजवण्यासारखे काही दिसले नाही म्हणून हळूहळू या विषयापासून दूर गेली. तेव्हा आम्हाला चुका आणि दुरुस्त्या कोणी दाखवल्या नाहीत, ही खंत माझ्या मनात आहे.

उरली गरिबाच्या पोटाची शंका. ही पहिल्या दोन शंकांहून अगदी वेगळी आहे, कारण ती खऱ्याखोट्याची नाही, योग्यायोग्यतेची आहे, आणि मी तिचा मान राखते. भारताच्या अंतराळ कार्यक्रमाचे जनक विक्रम साराभाई यांना साठच्या दशकात हाच प्रश्न विचारला जात होता. चंद्र आणि ग्रह गाठण्यात श्रीमंत देशांशी स्पर्धा करण्याचे स्वप्न आपल्याला नाही, मात्र माणसांचे आणि समाजाचे खरे प्रश्न सोडवण्यासाठी प्रगत तंत्रज्ञान वापरण्यात आपण कोणाहून मागे राहता कामा नये, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. 1975-76 मध्ये उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2400 खेड्यांत शेतीचे आणि आरोग्याचे कार्यक्रम दाखवले गेले, ते याच विचारातून. आज कोकणातल्या मच्छीमाराला मासळी कुठे मिळेल याचा अंदाज उपग्रहाच्या निरीक्षणांवरून दिला जातो. 1999 साली ओडिशाच्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. 2013 साली त्याच किनाऱ्यावर फायलिन आले तेव्हा वादळावर उपग्रहांची सतत नजर होती, वेळेवर लाखोंना हलवण्यात आले आणि मृतांचा आकडा काही डझनांवर राहिला.

पण हे सगळे उपग्रहांचे काम झाले. चंद्रावर जाण्याने पाऊस पडत नाही, हे तुमच्या मुलीने प्रामाणिकपणे मान्य करावे. चांद्रयान-3ला सुमारे 600 कोटी रुपये खर्च आला, म्हणजे माणशी चार-साडेचार रुपये. एवढ्यावर प्रश्न मिटला, असे मी म्हणणार नाही, कारण सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणे हा मामांचा हक्क आहे. माझे स्वतःचे मत असे, की ज्ञानासाठी इतका खर्च करणे या देशाला परवडते आणि शोभते. याविषयी मामांचे मत निराळे राहिले, तरी काही बिघडत नाही.

मामांविषयी आणखी एक सांगायचे आहे. लेथवर काम करणारा माणूस मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची, भाषा जाणतो, आणि कागदावर काय आहे यापेक्षा हातात काय येते यावर त्याचा विश्वास असतो. अग्निबाण बनतात ते अशाच हातांनी. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला इस्रोच्या अग्निबाणांमध्ये घन इंधन ज्यात जळते त्या मोटारींची आवरणे तयार होतात आणि विक्रोळीच्या गोदरेजमध्ये द्रव इंधनावर चालणारी 'विकास' इंजिने. पण दूरदर्शनवर टाळ्या वाजतात तेव्हा या कामगारांचे चेहरे दिसत नाहीत, आणि ज्यात आपले कोणी दिसत नाही त्या यशावर विश्वास ठेवणे माणसाला जड जाते. मामांच्या शंकेमागे हेच असेल असे मी ठामपणे म्हणू शकत नाही, तरी ही शक्यता ध्यानात ठेवा. धातूची नळी आतून अगदी गुळगुळीत आणि नेमक्या मापाची कशी करतात, हे मुलीने त्यांच्याकडून समजून घ्यावे. इंजिनाच्या अभ्यासाची सुरुवात तिला घरातच करता येईल.

आता लगेच करण्याजोगे असे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे 400 किलोमीटर उंचीवरून जाते आणि संध्याकाळी किंवा पहाटे आपल्या आकाशातून एखाद्या तेजस्वी, न लुकलुकणाऱ्या ताऱ्यासारखे चार-सहा मिनिटे सरकताना नुसत्या डोळ्यांनी दिसते. जून 2025 मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला याच स्थानकावर गेले होते. ते नाशिकवरून कधी जाणार याचे वेळापत्रक आधी प्रसिद्ध होते. मुलीने ते शोधून तारीख, वेळ आणि दिशा वहीत आधी लिहून ठेवावी, आणि मग गच्चीवर उभे राहून पाहावे. गच्चीवर गेल्यावर आजूबाजूच्या टीव्हीच्या छत्र्याही पाहाव्यात. एकाच कंपनीच्या सगळ्या छत्र्या अगदी एकाच दिशेला, साधारण आग्नेयेकडे, तोंड करून का आहेत आणि तिकडे 36 हजार किलोमीटरवर काय आहे, याचाही तिने विचार करावा.

आणखी एक काम तुमच्याकडे. इस्रोचा युविका नावाचा उपक्रम नववीतल्याच मुलांसाठी असतो. त्यात निवडलेल्या मुलांना इस्रोच्या केंद्रांत नेऊन शिकवले जाते. निवडीत आठवीचे गुण पाहतात. नववीचे वर्ष संपत आले आहे, तेव्हा नवे कॅलेंडर वर्ष सुरू होताच इस्रोच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा आणि तिची आठवीची गुणपत्रिका हाताशी काढून ठेवा. निवड झाली नाही, तरी अर्ज भरताना तिला स्वतःबद्दल नीट विचार करावा लागेल.

वही मात्र तुम्ही कपाटातून काढून तिच्या हातात देऊ नका. ज्या संध्याकाळी स्थानक दिसणार असेल, त्या दिवशी तिला मामांना फोन करायला सांगा. ते चाकणवरूनही जवळजवळ त्याच वेळी दिसेल. फोन चालू ठेवून दोघांनी आपापल्या गच्चीवरून ते पाहावे, आणि कोणाला आधी दिसले ते एकमेकांना सांगावे. वेळ लिहायला तिला वही लागेलच.